मार्क ट्वेन : विनोदाने ऋण फेडणारा प्रवासी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील मिसिसिपी नदीतून वाफेवर चालणाऱ्या शेकडो बोटी ये-जा करीत. नदीचा तळ सतत बदलत असे. म्हणून बोटीच्या पुढच्या भागात उभा असलेला खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजी आणि ती मोठ्याने पुकारून सांगे. दोन वाव, म्हणजे बारा फूट पाणी लागले, की बोट निर्धास्त पुढे जाऊ शके. त्या खोलीची आरोळी होती ‘मार्क ट्वेन’. सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स या लेखकाने टोपणनाव म्हणून हीच आरोळी निवडली आणि ती जगभर पोहोचवली. मात्र ज्याच्या नावातच सुरक्षित पाण्याची ग्वाही होती, त्याच्या स्वतःच्या आयुष्याची बोट अनेकदा उथळ पाण्यात रुतली. त्या रुतलेल्या बोटीला त्यांनी ज्या बळावर पुढे काढले, ते बळ विनोदाचे होते.

क्लेमेन्स यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसूरी राज्यातील फ्लोरिडा नावाच्या लहानशा खेड्यात झाला. त्या वर्षी आकाशात हॅलेचा धूमकेतू दिसत होता. मुलगा चार वर्षांचा असताना कुटुंब मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावी आले. टॉम सॉयर आणि हकलबेरी फिन यांचे जे गाव पुढे वाचकांच्या ओळखीचे झाले, ते याच हॅनिबलवरून घेतलेले आहे. सॅम अकरा वर्षांचा असताना वडील वारले. लवकरच त्याची शाळा सुटली आणि तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. खिळे जुळवता जुळवता मिळेल ते वाचणे हेच त्याचे पुढचे शिक्षण ठरले. वयाच्या एकविसाव्या वर्षी तो बोटीच्या सुकाणूवर शिकाऊ म्हणून रुजू झाला आणि १८५९ मध्ये त्याला सुकाणूधराचा परवाना मिळाला. परंतु त्याआधीच्या वर्षी त्याच्यावर एक मोठा आघात झाला होता. त्याच्याच खटपटीने धाकटा भाऊ हेन्री एका बोटीवर नोकरीला लागला होता. त्या बोटीचा बाष्पक फुटला आणि हेन्री दगावला. आपण त्याला तेथे नेले ही टोचणी सॅमला जन्मभर राहिली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि नदीवरची वाहतूक थांबली. थोरला भाऊ ओरायन नेव्हाडा प्रांतात सरकारी अधिकारी म्हणून निघाला, त्याच्याबरोबर सॅमही पश्चिमेकडे गेला. चांदीच्या खाणीत नशीब काढण्याचा बेत फसला, तेव्हा पोटासाठी त्याने व्हर्जिनिया सिटीच्या वृत्तपत्रात बातमीदारी पत्करली. तेथेच १८६३ मध्ये त्याच्या लेखांखाली ‘मार्क ट्वेन’ ही सही प्रथम उमटली. दोन वर्षांनी उड्या मारणाऱ्या एका बेडकाची त्याची विनोदी कथा देशभर गाजली. १८६६ मध्ये तो हवाई बेटांवर जाऊन आला आणि तेथून पाठवलेल्या पत्रांवरून व्याख्याने देऊ लागला. प्रवास करावा, त्यातील फजिती लिहावी आणि मग रंगमंचावर उभे राहून ती लोकांना सांगावी, हा त्याच्या उपजीविकेचा मार्ग तेव्हाच आखला गेला.

जून १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ हे जहाज युरोप आणि पवित्र भूमीच्या सहलीसाठी निघाले. खास पर्यटनासाठी निघालेल्या अमेरिकेतील आरंभीच्या सागरी सफरींपैकी ही एक होती. सहप्रवाशांत सुखवस्तू आणि धर्मभीरू मंडळींचा भरणा होता, आणि त्यांच्यात हा एकतीस वर्षांचा बातमीदार वृत्तपत्राच्या खर्चाने दाखल झाला होता. तोवरच्या प्रवासवर्णनांची एक रीत ठरून गेली होती. युरोपातील प्रत्येक चित्रापुढे नतमस्तक व्हावे आणि प्रत्येक अवशेषापाशी डोळे पाणवावे, असा तो शिरस्ता होता. ट्वेन यांनी तो मोडला. पॅरिसच्या न्हाव्याने केलेली दाढी त्यांना छळासारखी वाटली आणि ती त्यांनी तशीच लिहिली. इटलीतील वाटाडे कोलंबसपासून इजिप्तच्या ममीपर्यंत जे जे अभिमानाने दाखवीत, त्या प्रत्येकाविषयी ट्वेन आणि त्यांचे मित्र निर्विकार चेहऱ्याने एवढेच विचारीत, की हे गृहस्थ वारले आहेत काय. वाटाडे हैराण होत.

या सफरीतील अथेन्सची हकीकत विशेष रंगतदार आहे. रोगाच्या भीतीमुळे जहाजाला तेथे उतरण्याची मनाई झाली होती आणि उतरणाऱ्याला कैदेची धास्ती होती. अ‍ॅक्रोपोलिस डोळ्यांसमोर असताना परत फिरणे ट्वेन यांना मानवेना. तीन सोबत्यांसह ते रात्री चोरून किनाऱ्यावर उतरले. वाटेत द्राक्षांच्या मळ्यांत हात मारीत आणि कुत्र्यांना चुकवीत ते वर पोहोचले, पहारेकऱ्यांना चिरीमिरी देऊन आत शिरले आणि चांदण्यात ते भग्न वैभव पाहून पहाटेपूर्वी जहाजावर परतले. एरवी थोर कलाकृतींची थट्टा करणारा हा माणूस त्या चांदण्यापुढे मात्र नम्र झालेला दिसतो. ज्याला खरोखर काही भव्य वाटले, त्याने ते भव्य म्हणावे आणि ज्याला वाटले नाही, त्याने तसे सोंग आणू नये, हा त्यांच्या प्रवासलेखनाचा साधा नियम होता. या सफरीवरचे ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ हे पुस्तक १८६९ मध्ये निघाले आणि ते हातोहात खपले.

याच जहाजावर त्यांची चार्ल्स लँग्डन या तरुणाशी ओळख झाली. त्याच्याजवळ असलेले त्याच्या बहिणीचे छोटे चित्र ट्वेन यांनी पाहिले आणि तेथेच त्यांचे मन गुंतले, असे ते पुढे सांगत. त्या ऑलिव्हिया लँग्डन यांच्याशी त्यांचा विवाह २ फेब्रुवारी १८७० रोजी एल्मायरा येथे झाला. पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला. त्यानंतर सूझी, क्लारा आणि जीन या तीन मुली झाल्या. हार्टफर्ड येथे १८७४ मध्ये या कुटुंबाने मोठ्या हौसेने एक देखणे घर बांधले आणि सतरा वर्षे तेथे सुखाचा संसार केला. टॉम सॉयर आणि हकलबेरी फिन ही त्या सुखाच्या काळातील पुस्तके होत.

१८७८ च्या वसंतात ट्वेन सहकुटुंब जर्मनीला गेले आणि हायडेलबर्ग येथे राहिले. पाहुणा म्हणून दोन दिवस हिंडणे आणि परक्या भाषेत घर चालवणे यांतील अंतर त्यांना तेथे कळले. जर्मन भाषेशी त्यांनी जी झुंज घेतली, ती त्यांच्या सर्वांत हसवणाऱ्या लेखनाचा विषय झाली. त्या भाषेत मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम मात्र स्त्रीलिंगी असावे, याचे त्यांना फार नवल वाटे. लांबलचक वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट पाहत ताटकळावे लागते, हीही त्यांची मोठी तक्रार होती. मराठी वाचकाला या तक्रारींची गंमत थोडी निराळी वाटेल. आपलेही क्रियापद वाक्याच्या शेवटीच येते आणि आपल्या ‘तो, ती, ते’मधील ‘ते’ने अमराठी शेजाऱ्यांना जे कोड्यात टाकले आहे, ते महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या कोणाही मराठी माणसाने पाहिलेले असते. मात्र ट्वेन यांची थट्टा नीट वाचली, तर तिच्यात खरी फजिती शिकणाऱ्याची आहे हे ध्यानात येते. त्यांनी जर्मनचा नाद सोडला नाही. जवळजवळ वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, व्हिएन्नातील पत्रकारांच्या मंडळापुढे त्यांनी जर्मन भाषेच्या भयंकरपणावर चक्क जर्मनमध्येच भाषण केले.

या मुक्कामातून आलेले ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ हे पुस्तक १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. नावाप्रमाणे ही पायी भटकंतीची कहाणी असावयाची, पण तिचा नायक चालण्याची मोठी सिद्धता करून संधी मिळताच आगगाडीत किंवा घोडागाडीत बसतो. एका हॉटेलात मध्यरात्री त्याला झोप येईना म्हणून तो अंधारात कपडे शोधू लागतो, खोलीतच वाट चुकतो, खुर्च्यांवर आणि आरशांवर आदळतो, आणि अखेरीस चाल मोजणारे यंत्र सत्तेचाळीस मैल दाखवते. रिगी पर्वतावरचा प्रसिद्ध सूर्योदय पाहण्यासाठी तो आणि त्याचा सोबती कष्टाने वर पोहोचतात आणि दमून दिवसभर झोपतात. शिंग वाजताच ते पांघरुणे गुंडाळून बाहेर धावतात आणि सूर्य वर येण्याची वाट पाहत राहतात. तो मावळत असल्याचे त्यांना सावकाश उमगते, आणि आजूबाजूची पर्यटक मंडळी तोवर सूर्य सोडून त्यांनाच पाहत असतात. पहिल्या पुस्तकात हसू बव्हंशी युरोपवर आणि सहप्रवाशांवर होते. येथे ते प्रवाशाने स्वतःवर ओढवून घेतले आहे. ‘अपूर्वाई’ वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला ही जातकुळी ओळखीची वाटेल.

लेखणीने मिळवलेले धन व्यवहारात गमावण्याची एक विलक्षण हातोटी ट्वेन यांच्याजवळ होती. जेम्स पेज नावाच्या संशोधकाने खिळे आपोआप जुळवणारे यंत्र तयार करण्याचे मनावर घेतले होते. कोवळ्या वयात हाताने खिळे जुळवलेल्या ट्वेन यांना हे यंत्र म्हणजे युगप्रवर्तक चमत्कार वाटला. सुमारे अठरा हजार सुट्या भागांचे ते यंत्र चालले की थक्क करी, पण ते चालण्यापेक्षा बिघडण्यातच अधिक काळ जाई. दरम्यान साधे आणि भरवशाचे ‘लायनोटाइप’ बाजारात आले. चौदा-पंधरा वर्षांत ट्वेन यांचे दोन-तीन लाख डॉलर पेजच्या यंत्रात बुडाले. त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्थाही काढली होती. तिने १८८५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट यांच्या आठवणी छापून ग्रँट यांच्या पत्नीला दोन लाख डॉलरची हुंडी दिली, तेव्हा सर्वत्र वाहवा झाली. पण तसे यश पुन्हा आले नाही. यंत्र पैसा गिळत होते आणि प्रकाशनसंस्था कर्ज काढीत होती.

जून १८९१ मध्ये हार्टफर्डचे घर बंद करून क्लेमेन्स कुटुंब युरोपला निघाले. नोकरचाकर, पाहुणे आणि मेजवान्या यांचा तेथला खर्च आता झेपण्याजोगा नव्हता, आणि युरोपात राहणे त्या मानाने स्वस्त पडे. शिवाय ट्वेन यांचा लिहिता उजवा हात संधिवाताने धरला होता आणि पत्नीची प्रकृतीही नाजूक होती. परदेशात मौजेसाठी जाणारा प्रवासी आता परवडत नाही म्हणून परदेशात राहणारा बिऱ्हाडकरू झाला. हा परदेशवास, मधल्या काही फेऱ्या सोडल्या तर, नऊ वर्षांहून अधिक काळ चालला.

बर्लिनमध्ये त्यांनी प्रथम भाड्याने घेतलेले घर अशा रस्त्यावर निघाले, की जेथे गाड्यांचा खडखडाट, पोरांचा कल्ला आणि चिंध्यांची कोठारे यांमुळे जीव नकोसा झाला. भरलेल्या भाड्यावर पाणी सोडून कुटुंब हॉटेलात गेले. मुलींना त्या वर्षी नाताळची महागडी भेट देण्याऐवजी वडिलांनी जर्मन बालकांचे एक लाडके पद्यपुस्तक इंग्रजीत उतरवून दिले. तेथेच फेब्रुवारी १८९२ मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म याच्या पंगतीला बसण्याचा मान त्यांना मिळाला. कैसरने त्यांच्या मिसिसिपीवरील लेखनाची विशेष वाखाणणी केली. त्याच रात्री मुक्कामाच्या इमारतीच्या दरवानानेही नेमके तेच लेखन सर्वांत आवडल्याचे सांगितले, असे ट्वेन मोठ्या समाधानाने सांगत. सम्राट आणि दरवान यांचे एकमत झाल्याचा आनंद त्यांना मेजवानीहून मोठा वाटला. पुढे फ्लोरेन्सजवळच्या एका टेकडीवरील घरात त्यांनी झपाटून लेखन केले. तो काळ कुटुंबाच्या आठवणीत सुखाचा राहिला.

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले आणि एप्रिल १८९४ मध्ये ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेचे दिवाळे वाजले. त्या वर्षअखेरीस पेजचे यंत्रही शिकागोच्या चाचणीत कायमचे नापास झाले. स्टँडर्ड ऑइल कंपनीतील धनाढ्य उद्योजक हेन्री रॉजर्स हे याच सुमारास त्यांचे मित्र आणि सल्लागार झाले. त्यांनी पुस्तकांचे हक्क ऑलिव्हियांच्या नावे करून ते वाचवले आणि सावकारांशी बोलणी केली. सुमारे लाखभर डॉलरचे देणे उरले होते. कायद्याच्या दृष्टीने काही भाग चुकता करून मोकळे होण्याची वाट खुली होती. रुपयास आठ आणे घेऊन पावती द्यायला अनेक धनको तयारही होते. पण ऑलिव्हिया यांनी पै न् पै फेडण्याचा आग्रह धरला. रॉजर्स यांचेही मत पडले, की व्यापाऱ्याला तडजोड चालेल, पण लेखकाची पत ही त्याच्या नावावर उभी असते. ट्वेन यांनी ते मानले. साठीच्या उंबरठ्यावर, ज्या व्याख्यान-दौऱ्यांचा त्यांना कंटाळा आला होता, त्याच मार्गाने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे त्यांनी ठरवले.

जुलै १८९५ मध्ये दौरा सुरू झाला. ऑलिव्हिया आणि क्लारा बरोबर निघाल्या, तर सूझी आणि जीन एल्मायरा येथे मावशीकडे राहिल्या. प्रारंभीच ट्वेन यांच्या पायाला मोठे गळू झाले होते. तशाही स्थितीत ते शहरामागून शहर घेत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले आणि ऑगस्टमध्ये पॅसिफिक महासागरात निघाले. तीस वर्षांपूर्वी ज्या हवाई बेटांनी त्यांना व्याख्याता केले, ती पुन्हा पाहण्याची त्यांना ओढ होती. बेट समोर आले, पण तेथे पटकीची साथ असल्याने उतरण्याची परवानगी मिळाली नाही. व्याख्यान बुडाले आणि त्याबरोबर त्याची मिळकतही. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि श्रीलंका करून जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले.

मुंबईत त्यांचा मुक्काम वॉटसन हॉटेलात होता. काळा घोडा भागातील ही लोखंडी सांगाड्याची इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली गेली. सर्दी-खोकल्याने पहिले काही दिवस त्यांना खोलीतच काढावे लागले. सज्जाच्या कठड्यावर बसून खोलीतील माणसाचे कपडे, रंग आणि चालचलन यांवर चर्चा करणारे मुंबईचे कावळे त्यांच्या पुस्तकात अमर झाले, ते याच सक्तीच्या विश्रांतीमुळे. नोकराचे नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी त्याला ‘सैतान’ हे नाव देऊन टाकले. एके दिवशी अनुयायी ज्यांना ईश्वरी अंश मानीत असे एक धर्मप्रमुख भेटीस आले. भेटीस साक्षात ईश्वर आल्याची वर्दी घेऊन ‘सैतान’ आत आला. पाहुण्यांना ‘हकलबेरी फिन’वर बोलावयाचे होते, याने लेखकाला अधिकच धन्य वाटले.

परंतु त्याच हॉटेलात एका क्षणी त्यांचे हसू मावळले. खोलीची व्यवस्था पाहायला आलेल्या एका युरोपियन माणसाने दाराचे काम करणाऱ्या देशी नोकराला चूक सांगण्याआधीच तोंडात मारली आणि तो नोकर मुकाट्याने कामाला लागला. ते दृश्य पाहताच ट्वेन क्षणार्धात पन्नास वर्षे मागे, मिसूरीतील बालपणात जाऊन पोहोचले. तेथे घरोघरी गुलाम होते. त्यांच्या सौम्य स्वभावाच्या वडिलांच्याही घरी गुलामाला किरकोळ चुकीसाठी थप्पड बसे. लहान सॅमला त्यात गैर काही वाटत नसे, कारण आजूबाजूला सगळे तेच करीत. एका गुलामाचा मालकाकडून झालेला मृत्यूही त्याने पाहिला होता. परक्या देशातील अन्यायाकडे बोट दाखवणे सोपे असते. ट्वेन यांना मुंबईत स्वतःच्या गावाचा अन्याय दिसला आणि तो त्यांनी विनोदी प्रवासवर्णनात, वाचकाच्या हसण्याची पर्वा न करता, लिहून ठेवला.

मुंबईत त्यांची व्याख्याने नॉव्हेल्टी थिएटरात झाली. पुण्यासही एक व्याख्यान झाले. बडोद्यास महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या राजवाड्यात ते बोलले आणि हत्तीवर बसून शहरातून फिरले. अलाहाबादेत माघमेळ्याची गर्दी पाहून ते काशीस गेले. तेथे स्वामी भास्करानंद सरस्वती यांची भेट झाली, तेव्हा त्यांनी स्वामींना ‘हकलबेरी फिन’ची प्रत अर्पण केली. कलकत्त्याहून दार्जिलिंगला जाऊन परततांना त्यांनी रुळांवरील उघड्या हातगाडीतून पस्तीस मैलांचा उतार घसरत पार केला. आयुष्यात इतकी मौज क्वचितच लाभली, असे त्यांना वाटले. जयपूरला मात्र ते आजारी पडले आणि अंथरुणातच दिवस मोजावे लागले. दिल्ली, लाहोर आणि रावळपिंडीपर्यंत जाऊन मार्चअखेर त्यांनी भारताचा निरोप घेतला. व्याख्यानांची मिळकत रॉजर्स यांच्याकडे जमा होत होती आणि ते धनकोंची एकेक बाकी उतरवीत होते.

मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिका करून जुलै १८९६ अखेर ट्वेन, ऑलिव्हिया आणि क्लारा इंग्लंडला पोहोचले. प्रदक्षिणा पुरी झाली होती. आता सूझी आणि जीन यांनी अमेरिकेहून यावे आणि सर्वांनी एकत्र राहावे, एवढेच उरले होते. गिल्डफर्ड येथे घर घेतले गेले. तोच सूझी आजारी असल्याची खबर आली. ऑलिव्हिया आणि क्लारा तातडीने अमेरिकेच्या जहाजात चढल्या. त्या समुद्रावर असतानाच १८ ऑगस्ट रोजी हार्टफर्डच्या त्या बंद केलेल्या घरी मेंदूज्वराने सूझीचे निधन झाले. तिचे वय चोवीस होते. तेराव्या वर्षी वडिलांचे चरित्र लिहिणारी ही लाडकी लेक गेल्याची तार ट्वेन यांना गिल्डफर्डच्या घरी एकट्याला मिळाली. ज्या कर्जासाठी ते लेकीपासून वर्षभर दूर राहिले, ते अजून पुरते फिटलेही नव्हते.

त्यानंतर लंडनच्या चेल्सी भागातील एका घरात, भेटीगाठी जवळजवळ बंद करून, ट्वेन यांनी जगप्रवासाचे पुस्तक लिहावयास घेतले. कर्ज फेडावयाचे होते आणि वाचकांना त्यांच्याकडून हसूच हवे होते. मुंबईचे कावळे, हत्तीची सवारी आणि दार्जिलिंगचा उतार हे सारे त्या सुतकी घरात लिहिले गेले. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ हे पुस्तक १८९७ मध्ये निघाले. ते लिहून होण्याच्या सुमारास अमेरिकेतील एका वृत्तपत्राने त्यांच्यासाठी मदतनिधी उघडला. प्रारंभी ते राजी झाले, पण ऑलिव्हियांना ते रुचले नाही आणि त्यांनी तो बंद करविला. याच दिवसांत लंडनमध्ये त्यांचे एक नातलग आजारी होते. नावाच्या घोटाळ्यातून ट्वेन यांच्याच आजाराची आणि मग मृत्यूची वावडी उठली. विचारणा करण्यास आलेल्या बातमीदाराला त्यांनी आपल्या मृत्यूची बातमी जरा फुगवलेली आहे अशा आशयाचे जे उत्तर दिले, ते त्यांच्या कोणत्याही पुस्तकाहून अधिक ठिकाणी पोहोचले.

सप्टेंबर १८९७ मध्ये कुटुंब व्हिएन्नाला गेले. तेथे असताना, १८९८ च्या आरंभी, रॉजर्स यांच्याकडून शेवटचे देणेही फिटल्याचे कळले. एकाही धनकोचे काही शिल्लक राहिले नाही. धाकट्या जीनच्या अपस्मारावर उपाय शोधत कुटुंब पुढे स्वीडन आणि लंडन येथे राहिले, आणि ऑक्टोबर १९०० मध्ये ट्वेन न्यूयॉर्कला परतले. कर्जबाजारी होऊन गेलेल्या लेखकाचे स्वागत देशाने एखाद्या विजयी वीरासारखे केले. पण हार्टफर्डच्या घरी पुन्हा राहण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. १९०३ मध्ये ते विकले गेले. परदेशांत वसाहतींचा कारभार जवळून पाहून आलेले ट्वेन आता स्वतःच्या देशाच्या साम्राज्यलालसेविरुद्ध निर्भीडपणे लिहू लागले आणि त्यासाठी त्यांनी टीकाही सोसली.

ऑलिव्हिया यांच्या हृदयविकारासाठी १९०३ च्या अखेरीस कुटुंब पुन्हा फ्लोरेन्सला गेले. याच शहरात पूर्वी सुखाचे दिवस काढले होते. या वेळी मिळालेले घर प्रशस्त पण उदास होते, आणि घरमालकिणीशी रोज खटके उडू लागले. नवे घर पाहण्याची धडपड चालू असतानाच ५ जून १९०४ रोजी ऑलिव्हिया गेल्या. पुढे १९०७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने ट्वेन यांना सन्मानदर्शक पदवी दिली. लहानपणीच शाळा सुटलेल्या या माणसाला तो लाल झगा इतका प्रिय झाला, की १९०९ मध्ये क्लाराच्या लग्नातही ते तो घालून उभे राहिले. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी जीनही निवर्तली. चार अपत्यांपैकी एकटी क्लारा उरली.

हॅलेचा धूमकेतू पंचाहत्तर वर्षांनी परत येत होता. त्याच्याबरोबर आलो, त्याच्याबरोबरच जाणार, असे ट्वेन बोलून दाखवीत. २१ एप्रिल १९१० रोजी, धूमकेतू सूर्याच्या सर्वांत निकट येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी देह ठेवला. एल्मायरा येथे पत्नी आणि मुलांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

ट्वेन यांची प्रवासवर्णने आजही हसवतात. ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. परदेशाने या माणसाला प्रथम दुसऱ्यांवर हसण्याची संधी दिली, नंतर स्वतःवर हसावयास शिकवले, आणि शेवटी ते हसू बाजारात मांडून घेतलेला शब्द पाळण्याची वेळ त्याच्यावर आणली. त्याने तो शब्द पाळला. त्याची किंमत हिशेबाच्या वहीत नोंदवलेल्या रकमेहून कितीतरी मोठी होती, आणि ती एकट्याने भरलेली नव्हती. त्यात ऑलिव्हियांचा निर्धार होता, आजारपणातही त्यांनी केलेला प्रवास होता, आणि दूर राहिलेल्या लेकीची वाट पाहणेही होते.